दोन हजार सहाशे अठरा जीबी

तारीख ३ जून २०२४, सोमवार, सकाळी साडेदहा. रक्कम रुपयांत नव्हती, जीबीमध्ये होती. मोबाईल घेताना दुकानदार जे जीबी सांगतो तेच. खराडीतल्या आमच्या ऑफिसच्या पांढऱ्या फळ्यावर त्या रकमेचे तीन आकडे लिहिलेले होते: २०४, ५०० आणि २,६१८. हजर चौघं. आमच्या कंपनीचे मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणतो आणि जे माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान आहेत, गृहसंस्थांच्या एका महासंघाच्या सचिव बाई, मी, आणि ते.

दोनशे चार माझा आकडा, पाचशे साहेबांचा, दोन हजार सहाशे अठरा त्यांचा.

प्रश्न साधा होता. महासंघाच्या पन्नास शाखांमध्ये सभासदांची तक्रारीची पत्रं येतात. ती स्कॅन करून एका डेटाबेसमध्ये ठेवायची होती, म्हणजे क्रमांकांनी एकमेकांना जोडलेल्या तक्त्यांमध्ये. महासंघाला सर्व्हर स्वतःच्या इमारतीतच हवा होता आणि डिस्क एकदाच घ्यायची होती, कारण वाढीव डिस्क म्हणजे पुन्हा सर्वसाधारण सभेची मंजुरी, म्हणजे एक वर्ष गेलं. तर चार वर्षं पुरेल अशी डिस्क किती मोठी लागेल, एवढंच सांगायचं होतं.

साहेबांनी तिसऱ्या आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाहुण्यांसमोर बोलू नये अशी गोष्ट ते बोलले. "सर, तुमचा करार तीस जूनला संपतोय. हा आकडा खरा निघाला तर पुढचं वर्ष तुमचं. नाही तर आपण इथे थांबू."

ते म्हणाले, "चालेल. मोजून घ्या."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या हातातलं पेन हलत होतं. भीतीने नव्हे. ते टेबलावर बोटभर जागेत काहीतरी गुणत होते.

ते तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. चौतीस वर्षं चिंचवडच्या एका कारखान्याच्या संगणक विभागात काढून निवृत्त झाले आणि वर्षाच्या कराराने आमच्याकडे आले. कारखान्यात ते लागले तेव्हा डिस्क कपडे धुण्याच्या यंत्राएवढी असे, आणि दुसरी मागायची तर का लागते याचं दोन पानी टिपण द्यावं लागे. ते टिपण लिहायचं काम त्यांच्याकडे होतं. पुढे डिस्क खिशात मावायला लागली, टिपणं बंद झाली, पण त्यांचा हात थांबला नाही. ऑफिसातली मुलं त्यांना 'एट-के सर' म्हणत. डेटाबेस आपली माहिती आठ किलोबाईटच्या पानांवर लिहितो, नेमके आठ हजार एकशे ब्याण्णव बाईट, आणि हा आकडा त्यांच्या तोंडून दिवसातून चार वेळा तरी निघे. एका पानावर किती नोंदी बसतात ते काढायचं, उरलेली फट वाया गेली असं धरायचं, मग पानं मोजायची. फट ते कधी सोडत नसत. "वाया गेलेली जागाही विकतच घ्यावी लागते, बाई," असं मला म्हणत.

कागद म्हणजे गेल्या महिन्याचं कॅलेंडरचं पान, उलट बाजूने. आकडा कधी गोल नाही. कुणी हजार म्हटलं की ते विचारत, "हजार मोजलेत की कंटाळलात?" साहेबांना हे विशेष लागे, कारण साहेबांचे सगळे आकडे गोल असत.

नवीन मुलगा कामावर आला की ते त्याचं नाव विचारत आणि तोंडी हिशेब करून सांगत, "श्रीकृष्ण. इंग्रजीत अकरा बाईट, मराठीत सत्तावीस." मुलगा बावरला की समजावून सांगत की मराठीत प्रत्येक अक्षराला तीन बाईट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळं वेगळं अक्षर धरायचं. शिवाय प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर डेटाबेस स्वतःच्या खुणांचं चोवीस बाईटचं मुंडासं बांधतो, ते वेगळं. "तुम्ही एकटे येत नाही, मुंडाशासकट येता," असं ते त्या मुलाला सांगत. मुलं हसत. आठ दिवसांनी तीच मुलं कुठलंही नाव ऐकलं की बोटांवर मोजायला लागत.

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये व्यवस्थापनाने सेहेचाळीस गाड्यांच्या रेषा आखल्या. हे जेवणाच्या सुट्टीत टेप घेऊन खाली गेले, वर येऊन म्हणाले, एक्केचाळीस. कारण विचारलं तर म्हणाले, गाडीचं दार उघडायला जागा धरलेली नाही. पहिल्याच सोमवारी बेचाळिसावी गाडी आत गेली आणि तिच्यातला माणूस मागच्या डिकीतून बाहेर आला. तो माणूस साहेब होते. तेव्हापासून दोघांत काहीतरी बिनसलं असावं, असं माझं मत आहे.

माझ्याशी मात्र त्यांचं जमलं. मी घरात महिन्याचा रवा, साखर, तेल वहीत लिहिते. गेली बावीस वर्षं लिहिते. एकदा ते विश्रांतवाडीला आमच्या घरी चहाला आले, तेव्हा स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी माझे डबे पाहिले आणि खूष झाले, कारण एकही डबा काठोकाठ भरलेला नव्हता. डेटाबेसच्या पानातही दहा टक्के जागा मोकळी सोडावी, नोंद पुढे वाढते, असं त्यांनी माझ्या नवऱ्याला समजावून सांगितलं. नवऱ्याने मान डोलावली आणि नंतर मला विचारलं, "हे घरीही असेच असतात?" मी म्हटलं, घरी ते एकटेच असतात. पत्नी जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगी परदेशी. पेन्शन त्यांना पुरत होती. करार त्यांना पैशासाठी नको होता. मला एकदा बसची वाट पाहताना म्हणाले होते, "घरात मोजण्यासारखं होतं ते सगळं मोजून झालंय." हे त्यांनी बसचा नंबर सांगावा इतक्या सहज सांगितलं.

आता त्या तीन आकड्यांकडे येते.

माझा हिशेब असा होता. शाखेत वर्षाला साधारण हजार विषय येतात, म्हणजे कुणाची गळती, कुणाचं पार्किंग, कुणाची लिफ्ट. शाखेची आवक नोंदवही पाहून मी काढलं की शंभर विषयांमागे सहाशे सत्तर पत्रं येतात. एक पत्र स्कॅन केलं की दीडशे किलोबाईट. पन्नास शाखा, चार वर्षं. तक्त्यांची जागा मिळवून दोनशे चार जीबी. प्रत्येक पत्राला मागच्या पत्रांच्या प्रती जोडलेल्या असतात हे मला माहीत होतं. पण मूळ पत्र एकदा ठेवलं की त्याची प्रत पुन्हा कशाला ठेवायची? नुसता क्रमांक जोडायचा. डेटाबेस त्यासाठीच असतो. या युक्तीचा मला अभिमान होता, हे कबूल करते. साहेबांनी माझा आकडा घेतला, जवळजवळ अडीचपट केला आणि पाचशे लिहिला.

एट-के सरांनी नोंदवही पाहिली नाही. ते बसने मांजरीच्या शाखेत गेले, डबा घेऊन, सलग तीन दिवस. तिथे त्यांनी फायली उघडल्या. परत आले तेव्हा चेहरा असा की एखाद्याला लॉटरी लागावी. माझ्या टेबलाशी उभे राहून म्हणाले, "प्रत म्हणजे प्रत, हे पुण्यात तुम्हाला कोणी सांगितलं?"

आणि त्यांनी उतरवून आणलेलं वाचून दाखवलं. एका गृहस्थांचं गच्चीच्या गळतीचं पत्र. दोन ओळींचं. दुसऱ्या पत्राला त्यांनी पहिल्याची प्रत जोडली आणि प्रतीच्या समासात लाल शाईने लिहिलं: "हे पत्र आपण वाचले असेल अशी आशा आहे." तिसऱ्या पत्राला पुन्हा पहिल्याची प्रत, समासात: "आशा सोडली." चौथ्याला पुन्हा तीच: "आशेबाबतही उत्तर नाही." पत्र तेच, पण चार वेळा आलेलं आणि प्रत्येक वेळी वेगळं. महासंघाचा नियम असा की सभासदाने जे हातात दिलं ते जसंच्या तसं जपायचं. म्हणजे माझी युक्ती गेली.

मी विचारलं, तरी बारापट कशी होईल? त्यांनी कॅलेंडरचं पान उलटं केलं. दुसरं पत्र एक प्रत घेऊन येतं, तिसरं दोन, दहावं नऊ. तीन पत्रांत मिटलेल्या विषयाच्या प्रती तीनच होतात. चाळीस पत्रांवर गेलेल्या विषयाच्या होतात सातशे ऐंशी. "तुम्ही सहाशे सत्तर पत्रं शंभर विषयांत सारखी वाटलीत. ती सारखी येत नाहीत. नव्वद विषय तिसऱ्या पत्राशी मिटतात. दहा मिटतच नाहीत. सगळी जागा त्या दहांची आहे."

मी बेरीज तीन वेळा तपासली. चूक सापडली नाही. तरी मी माझा आकडा फळ्यावर तसाच राहू दिला, कारण मांजरी एकच शाखा होती आणि तिथले लोक जास्त चिवट असतील, असं मला वाटलं. वाटलं म्हणण्यापेक्षा, तसं असावं अशी इच्छा होती.

चाचणी ठरली ती आमच्या विश्रांतवाडीच्या शाखेत, गुरुवार आणि शुक्रवार. सचिव बाईंनी गेल्या वर्षीच्या यादीतून डोळे मिटून शंभर विषय काढले. शंभर विषयांपुरते आकडे आधीच लिहून बंद पाकिटात ठेवले: माझे एकशे दोन एमबी, साहेबांचे अडीचशे, त्यांचे एक हजार तीनशे नऊ. कोरी प्रत निघाली तर ती बाजूला काढायची, समासात एक अक्षर जरी लिहिलेलं असलं तरी स्कॅन करायची. शाखेतला कारकून पानं सुटी करून स्कॅनरला देत होता, मी प्रती तपासत होते, आणि ते खुर्चीवर हात मांडीवर ठेवून पडद्यावरचा आकडा पाहत होते.

दुपारी बारापर्यंत रॅकवरच्या फायली संपल्या. अठ्ठ्याहत्तर एमबी.

साहेब खराडीहून मुद्दाम आले होते. त्यांनी मला विचारलं, किती झाल्या? मी सांगितलं, नव्वद. उरलेल्या दहा त्याच मापाने धरल्या तर सत्त्याऐंशी होतील. माझ्या आकड्याच्याही आत. साहेब मोबाईल काढून कुणाशी तरी जेवणाचं बोलायला लागले. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. मी एट-के सरांकडे पाहायचं टाळलं.

त्यांनी कारकुनाला शांतपणे विचारलं, "उरलेल्या दहा फायली कुठे आहेत?"

"त्या रॅकवर नसत्यात सर," कारकून म्हणाला. "त्या चालू हायेत ना. त्या आतल्या लोखंडी कपाटात."

कपाट उघडलं. मी आजवर बरीच कपाटं पाहिली आहेत, पण दार उघडल्यावर फायलींनी सुटकेचा श्वास सोडावा तसं काही पाहिलं नव्हतं. पहिली फाईल कारकुनाने दोन्ही हातांनी आणली. विषय: सोसायटीच्या फाटकाचा आवाज. एक्केचाळीस पत्रं, आठशे वीस प्रती, आणि माझ्यासमोर जी जी प्रत आली तिच्या समासात लाल शाई. एका प्रतीवर पत्रातल्या 'लवकरात लवकर' या शब्दांखाली एकोणीस रेघा होत्या. मी मोजल्या. वर दरवेळची तारीख.

ती एक फाईल संपली तेव्हा पडद्यावर दोनशे सात होते. माझा आकडा केव्हाच मागे पडला होता आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं, इतकी मी समास वाचण्यात गुंतले होते. दुसऱ्या फायलीच्या मध्यावर साहेबांचे अडीचशे गेले. साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला. जेवायला कोणी उठलं नाही. तिसरी, चौथी. कारकून आता स्वतःहून आकडा मोठ्याने सांगायला लागला, निवडणुकीची मतमोजणी सांगावी तसा. सचिव बाईंनी खुर्ची पुढे ओढली. मी माझ्या पाकिटाचा विचारच सोडून दिला होता. मला आता तेराशे नऊ हवे होते. गुरुवारी सहाला शाखा बंद झाली तेव्हा सहाशे बारा झाले होते. शुक्रवारी सकाळी नऊला मी पोचले तर ते शाखेच्या पायरीवर आधीच बसलेले.

शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी शेवटचं पान गेलं. एक हजार दोनशे चौऱ्याण्णव.

पंधराचा फरक. शेकडा एकाच्या आसपास. साहेबांनी हात पुढे केला, पण यांचं लक्ष नव्हतं. पंधरा एमबी कुठे गेले, हे त्यांना हवं होतं. मी बाजूला काढलेला कोऱ्या प्रतींचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मोजला. शंभर पानं, बहुतेक एकाच फाईलमधली, शेवटच्या महिन्यांतली. समासात काहीच लिहिलेलं नव्हतं. ते बराच वेळ ती पानं चाळत राहिले.

"दमला असेल माणूस," ते म्हणाले.

इथपर्यंत सगळं त्यांच्या बाजूने झालं होतं. आकडा खरा ठरला होता, साहेबांनी शब्द दिला होता, आणि मोठ्या डिस्कची मोठी ऑर्डर आमच्या कंपनीला मिळणार होती. सचिव बाईंनी पेन काढलं आणि विचारलं, "म्हणजे दोन हजार सहाशे अठरा नक्की?"

ते गप्प बसले असते तर काम झालं होतं. मी टेबलाखालून त्यांच्या चपलेला पाय लावला.

"तो एक आकडा आहे," ते म्हणाले. "दुसरा एकशे त्र्याऐंशी आहे."

सचिव बाईंनी कारण विचारलं. त्यांनी सांगितलं की सगळ्या विषयांना तिसऱ्या पत्राच्या आत उत्तर गेलं, तर चार वर्षांना एकशे त्र्याऐंशी जीबी पुरतात. नाही गेलं तर दोन हजार सहाशे अठरा. उत्तर होकाराचंच हवं असं नाही. नकार दिला तरी लोक लिहायचं थांबतात, हे त्यांनी फायलींतच पाहिलं होतं. डिस्क किती घ्यायची हे त्यामुळे ते सांगू शकत नाहीत, ते बाईंनीच सांगावं.

साहेब उठून खिडकीपाशी गेले. मी बाईंकडे पाहत होते. सत्तरीच्या आसपासच्या, कडक इस्त्रीची साडी, आवाज कधी चढवत नसत. त्यांनी कागदावर वजाबाकी केली.

"म्हणजे दोन हजार चारशे पस्तीस जीबी आम्ही गप्प बसण्यासाठी विकत घेतोय," त्या म्हणाल्या.

"हो," ते म्हणाले.

खराडीला परतताना आम्ही तिघं साहेबांच्या गाडीत होतो. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली. मग साहेब आरशात पाहून म्हणाले की आकडा बरोबर आला हे मान्य, पण विचारलं तेवढंच सांगितलं असतं तर बरं झालं असतं; आणि कराराचं आपण महिनाअखेरीला पाहू. 'पाहू' म्हणजे काय ते गाडीतल्या तिघांनाही समजलं. ते खिडकीबाहेर पाहत होते. घाबरलेले दिसत नव्हते, पण पहिल्यांदाच त्यांच्या हातात पेन नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी टेबल आवरलं. कॅलेंडरची पानं महिन्यांप्रमाणे लावून मला दिली. मी घेतली नाहीत. म्हटलं, तीस तारखेपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या.

महासंघाची ऑर्डर सव्वीस जूनला आली. साहेबांनी ती वाचली, पुन्हा वाचली आणि मला आत बोलावून वाचायला दिली. बाईंनी डिस्क मागितली होती चारशे जीबीची, चार वर्षांसाठी. खाली अट होती: दर वर्षअखेरीला महासंघाच्या प्रत्येक शाखेत जागेची मोजणी व्हावी, कोणत्या विषयाला किती पत्रं झाली ते सचिवांना लेखी कळवावं, आणि ही मोजणी विश्रांतवाडीची चाचणी ज्या गृहस्थांनी केली त्यांनीच करावी, ते कंपनीत नसल्यास ही ऑर्डर रद्द समजावी.

"ह्यांना बोलवा," साहेब म्हणाले. ते आत आले. साहेबांनी करार पुढे सरकवला आणि विचारलं, "पन्नास शाखा फिरायला किती दिवस लागतील?"

"त्र्याहत्तर," ते उभ्या उभ्या म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले आणि सही केली.

महासंघाने शेवटी दिलं ते असं: सर्व्हर, डिस्क आणि प्रोग्रॅमपोटी आमच्या कंपनीला चार लाख बारा हजार रुपये, साहेबांनी धरले होते त्याच्या निम्म्याहून कमी, आणि पहिल्या मोजणीपोटी चोवीस हजार रुपये, वेगळ्या चेकने, त्यांच्या स्वतःच्या नावे. चौतीस अधिक चार वर्षांत अंदाजाचे वेगळे पैसे त्यांना कोणी दिले नव्हते. तो चेक त्यांनी माझ्या टेबलावर ठेवला आणि आकड्यात नको, अक्षरात वाचा, म्हणाले. मी वाचला. ते म्हणाले, पुन्हा एकदा. मी पुन्हा वाचला.